बुधवारची पुरचुंडी

हुलगे भाजल्याचा वास.

निरनिराळ्या लुगड्यांचे सात तुकडे.

नदीपलीकडून येणारा बाजाराचा गलका. वारा फिरला की मध्येच तुटणारा.

"किडकं बाजूला काढ, मग तोल."

लिंपायला आणलेली माती, टोपल्यातच वाळून गेलेली.

पंगतीत पाच पानं. पाचच.

भक्तहो, यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं वरवर वाटणार नाही. पण तुळाजी महाराजांच्या आठवणी आपल्याकडे अशाच आल्या. एका घरात एक तुकडा जपलेला, दुसऱ्या घरात दुसरा. आज त्यातले काही जोडून पाहू.

महाराज त्या काळी सावरखेडीला असत. कुंडी नदीच्या अलीकडच्या काठावर, मारुतीच्या देवळामागे चिंचेखाली त्यांची तुराट्यांची खोपी होती. अंगावर एक पंचा, जवळ एक तुंबा. दिवस मावळताना खोपीत जे काही असेल, केळं असो, भाकरीचा तुकडा असो, कुणी भक्तानं लांबून आणलेला पेढ्याचा पुडा असो, ते सगळं महाराज वाटून टाकत. रात्रीला कणही ठेवत नसत. कुणी म्हणालं, "महाराज, सकाळी लागेल की," तर हसून म्हणत, "उद्याचं उद्या."

गावानं त्यांच्या जेवणाचे वार वाटून घेतले होते. सात वार, सात घरं. ही वाटणी रंभाजी कारभाऱ्याच्या ओसरीवर झाली. रंभाजीची जमीन मोठी, अंगणात जमिनीखाली धान्याचं पेव, आणि महाराजांच्या उत्सवाचा सगळा कारभार त्याच्याकडे. त्यानं सगळ्यात आधी गुरुवार स्वतःकडे ठेवला. सोमवारवर दोघांनी हक्क सांगितला. शनिवारसाठी दोन जावांत अबोला धरला गेला. बुधवार मात्र कुणी घेईना.

त्याचं कारण आजच्या मुलांना सांगावं लागतं. बाजार नदीपलीकडे राजणीला, आणि तो फक्त गुरुवारी. मीठ, तेल, डाळ, भाजी, जे काय आणायचं ते त्या एका दिवशी. म्हणून गुरुवारी संध्याकाळी घराघरातून फोडणीचा वास यायचा, लसूण तडतडायचा, मुलं चुलीभोवती घोटाळायची. शुक्रवारी, शनिवारी बरं चालायचं. सोमवारपासून हात आखडायचे. आणि बुधवारी नुसतं मडक्यात हात घालायचा आणि तळ खरवडायचा. आता नदीवर पूल झाला, कोपऱ्यावर दुकान आलं, मनात आलं की पावशेर तेल आणता येतं. बुधवार आणि गुरुवार यांत फरक राहिला नाही. पण ज्यांनी ते बुधवार काढले, त्यांना म्हातारपणीही त्या दिवशी जरा जास्त भूक लागायची, आणि गुरुवारी संध्याकाळी उगाच आनंद व्हायचा.

"बुधवारी महाराजांना वाढायचं काय? रिकाम्या मडक्याचा आवाज?" ओसरीवर कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

मागं खांबाला टेकून एक बाई उभी होती. ती म्हणाली, "बुधवार मला द्या."

ती ठकूबाई. गोधड्या शिवायची. नवरा तापात गेलेला. घरात हौसा आणि वेणू या दोन मुली, आणि एकही दात न उरलेले सासरे, तात्या. आठवडाभर सुई चालली तर बारा आणे हाती यायचे. त्यात चार माणसं जगवायची.

"तुला बुधवार?" रंभाजी म्हणाला. "अगं, तुझ्याकडं सातही वार बुधवारच असत्यात की!"

पुन्हा सगळे हसले. पण दुसरं कुणी पुढं येईना, म्हणून बुधवार तिला मिळाला.

*

ठकूबाईचा बाजार बघण्यासारखा असे.

सकाळचा बाजार पैसेवाल्यांचा, म्हणून ती ऊन कलल्यावर निघायची. विकणाऱ्यांना घराची ओढ लागलेली, पाट्या हलक्या करायच्या असतात, तेव्हा ती पोचायची. पहिली फेरी रिकाम्या हातानं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं पाहायचं, भाव विचारायचा आणि पुढं सरकायचं.

"ठकूबाई, आज तरी पहिल्या फेरीत घ्या की!" मिठाची पोती मांडून बसलेला म्हातारा दर गुरुवारी ओरडायचा.

"पहिली फेरी डोळ्यांची, काका. हाताची पुढं."

दुसऱ्या फेरीत आधी मीठ. मीठ घरात असलं की बाकीचं काहीतरी जमवता येतं, असं ती म्हणे. मग डाळवाल्याकडे. अख्खी डाळ तिनं कधी मागितली नाही. पोत्याच्या तळाशी राहिलेली चुरी ती घ्यायची. लसणाचे गड्डे नाहीत, गड्ड्यांतून सुटलेल्या पाकळ्या. डागी वांग्यांचा वाटा उचलताना मात्र माळणीला दम द्यायची, "किडकं बाजूला काढ, मग तोल. कीड मी माझ्या घरची खाईन."

माळीण हसायची आणि दोन वांगी वर टाकायची.

घरी आल्यावर मुली जमिनीवर सात चिंध्या पसरत. गोधड्यांच्या कामातून उरलेल्या, सात रंगांच्या. कुणीही असतं तर गुरुवारपासून वाटायला लागलं असतं. ठकूबाई उलटीकडून लागायची. आधी बुधवार. त्या तांबड्या चिंधीत पाच माणसांचे जोंधळे, पसाभर मटकी, मूठभर तांदूळ आणि गुळाचा एक खडा. तांदूळ आणि गूळ बाकी कोणत्याच चिंधीत नसत. मग मंगळवारचे हुलगे, माडग्यासाठी. मग सोमवारची चुरी. असं करत ती गुरुवारपर्यंत यायची, आणि गुरुवारला जे उरेल ते. ज्या संध्याकाळी सगळ्या गावात फोडण्या बसत, त्या संध्याकाळी हिच्या घरी डागी वांग्याचं भरीत आणि त्यावर थेंबभर तेल. पण मुलींना त्याचं काही वाटत नसे. खुंट्यांवर ओळीनं सात पुरचुंड्या लटकलेल्या असत आणि रोज सकाळी वेणू ओरडे, "आज हिरवी! आज हिरवी!" हिरवी म्हणजे शनिवार.

ठकूबाई डावखुरी होती. तिची गाठ उलटी बसायची आणि दुसऱ्या कुणाला ती पटकन सुटत नसे.

एकदा रंभाजी गोधडी न्यायला आला आणि त्याला त्या खुंट्या दिसल्या.

"हे काय टांगलंस गं?"

"आठवडा आहे, कारभारीदादा."

रंभाजी मोठ्यानं हसला. ते तिथंच राहिलं असतं तर बरं होतं. पण त्या रविवारी महाराजांच्या खोपीपुढे भजन झालं आणि साऱ्या गावासमोर त्यानं विषय काढला.

"महाराज, आपण रात्रीला कण ठेवत नाही. आणि आपल्या बुधवारवाल्या बाईनं उद्याचं, परवाचं, तेरवाचं, सगळं गाठी मारून टांगून ठेवलंय! देवावर भरवसा आहे की खुंटीवर? मला विचाराल तर भक्ती म्हणजे हात मोकळा पाहिजे. गाठ मारली की देव बाहेर राहिला."

लोकांना ते पटल्यासारखं झालं. ठकूबाईनं मान खाली घातली. तिला स्वतःलाही कधीकधी तसं वाटे. महाराजांना उद्याची काळजी नाही आणि आपण सात दिवस पुढचं शिजवत बसतो, आपण कसले भक्त?

महाराजांनी तिच्याकडे पाहिलं आणि लहान मुलासारखं विचारलं, "ठकूबाई, या बुधवारी काय बांधलंयस?"

"मटकी, महाराज. आणि मूठभर तांदूळ."

"आणि गूळ?"

"एक खडा आहे."

"वा!" महाराज म्हणाले, आणि उठून खोपीत गेले.

*

हे झालं जेठ महिन्यात. त्याच दिवसांत रंभाजीचा गडी टोपलंभर माती आणि शेण घेऊन अंगणात उभा होता. पावसाळ्याआधी पेवाचं तोंड लिंपून बंद करायचं असतं. नाहीतर पाणी झिरपतं. रंभाजी कुठल्यातरी घाईत होता. "राहू दे रे," तो म्हणाला. "महाराज बसलेत गावात. पाण्याची काय बिशाद!" माती टोपल्यातच वाळली.

भादवा आला. भादवा म्हणजे ओढीचा महिना. पिकं शेतात उभी, घरातल्या कणग्या तळाला गेलेल्या. अशात रंभाजीनं पलीकडच्या तळवाड्याच्या भजनी मंडळींना महाराजांच्या दर्शनाला बोलावलं. अडतीस माणसं. रविवारी यायचं, भजन करायचं, सोमवारी जेवून परत. "माझं पेव भरलेलं आहे," त्यानं निरोपात मुद्दाम कळवलं होतं.

मंडळी आली. भजन रंगलं. आणि रविवारी रात्री नदीला पूर आला.

सोमवारी नदी पायी ओलांडायचा उतार बुडाला, नाव काठावर ओढून ठेवावी लागली. सोमवारचं जेवण रंभाजीच्या घरात होतं नव्हतं त्यावर निघालं. मंगळवारी सकाळी त्यानं पेव उघडलं. गडी दोर धरून आत उतरला. रंभाजी वरून वाकला.

"काय रे?"

"मालक, पाणी हाय."

"किती?"

"गुडघाभर. आन् वास येतोय."

रंभाजी पेवाच्या कडेला खाली बसला. अडतीस माणसं त्याच्या ओसरीवर होती. त्यानंच बोलावलेली. नदी कधी उतरेल ठाऊक नाही, आणि पलीकडे जाता येत नाही म्हणजे परवाचा बाजारही नाही. शेजारच्या घरांत ज्याच्या त्याच्यापुरतं तरी आहे की नाही, अशी गत.

तो तसाच चिखलाच्या पायांनी महाराजांकडे आला. दुपारची वेळ होती, बरीच मंडळी तिथं बसलेली होती. रंभाजीच्या आवाजात तक्रार होती. "महाराज, आपण गावात असताना माझ्या पेवात पाणी शिरलं कसं?"

"तोंड लिंपलं होतंस?" महाराजांनी विचारलं.

रंभाजी पायावरचा चिखल बोटानं खरवडू लागला.

"गडी माती घेऊन आला होता ना? त्याला काय म्हणालास?"

"म्हणालो... महाराज बसलेत गावात."

महाराजांना इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. "अरे, माझी खोपी गळते ती मला थांबवता येत नाही! रात्रभर मी तुंबा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलवत असतो. तुझं पेव मी कसं राखू?"

मग ते शांत झाले. "उद्या कोणता वार?"

"बुधवार."

"मग उद्या सगळी मंडळी ठकूबाईकडे जेवतील."

मग रंभाजीच बोलला. त्याही स्थितीत त्याच्या तोंडून निघालंच, "तिच्याकडं? चिंधीतल्या पसाभर मटकीवर अडतीस माणसं?"

ठकूबाईला निरोप गेला. ती हातातली सुई खोचून तशीच आली. महाराजांसमोर ती एरवी दोन शब्दांवर बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"महाराज, आपल्याशी खोटं बोलणार नाही. उद्याच्या पुरचुंडीत पाच पानांचं आहे. आम्ही चौघं आणि आपण. तेवढं अडतीस जणांत वाटलं तर कुणाच्याच पोटात काही जायचं नाही. आणि परवा बाजार नाही. खुंटीवर ती एकच उरलीय. ती गेली की मुलींना काय घालू, मला ठाऊक नाही."

"पाच पानांचं आहे ना?"

"हो."

"मग पाच पानंच मांड."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे बाहेर बसतील, भजन म्हणतील. तू रोजच्यासारखं कर, बाई. रोज मोजतेस तेवढंच मोज. पाचाचं दहाला पुरवायला जाऊ नकोस, आणि पाचातलं मागंही काढू नकोस."

ती घरी आली. खुंटीवर तांबडी पुरचुंडी एकटीच लटकत होती. ती खाली घेऊन तिनं मांडीवर ठेवली. मुलींपुरतं घातलं, पातळ केलं, तर यात तीन दिवस निघाले असते. तिला हिशेब येत होता; तोच तर तिला येत होता.

वेणूनं विचारलं, "आई, उद्या सगळे जेवून गेले तर परवा काय?"

ठकूबाई म्हणाली, "परवाची चिंधी धुऊन वाळत घाल." आणि पुरचुंडी पुन्हा खुंटीला लावली.

*

बुधवार.

सकाळी तिनं गाठ सोडली. जोंधळे दळले. दहा भाकरी, प्रत्येकी दोन. मटकीचं कालवण. तांदळाचा भात, पाच घास. गुळाचा खडा पाच ठिकाणी फोडला. त्याचा एक कोपरा मुंग्यांनी खाल्लेला होता. पळसाच्या पाच पत्रावळी मांडल्या आणि मंडळींतल्या पाच म्हाताऱ्यांना आत बोलावलं. ते जेवले. पोटभर जेवले, कारण पाच माणसांचं पाच माणसांनी खाल्लं होतं. हात धुऊन बाहेर गेले. बाहेर तेहेतीस माणसं टाळ वाजवत बसली होती.

रिकामी चिंधी धुवायला घ्यावी म्हणून ठकूबाई आत वळली.

खुंटीवर तांबडी पुरचुंडी होती.

"हौसे, हे कुणी बांधलं?"

"कोणी नाही गं आई. मी इथंच आहे."

तिनं हात लावला. गाठ उलटी होती, डाव्या हाताची. तिचीच. तिनं सोडली. जोंधळे. मटकी. मूठभर तांदूळ. गुळाचा खडा, आणि त्याचा तोच मुंग्यांनी खाल्लेला कोपरा.

बाहेरून महाराजांचा आवाज आला, "ठकूबाई, पुढची पाच पानं मांडू का?"

काय म्हणावं या लीलेला, भक्तहो! आणि तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. महाराजांनी कृपा केली म्हणून जातं आपोआप फिरलं नाही. लाकडं ओली होती ती ओलीच राहिली. प्रत्येक वेळी पुरचुंडी सोडायची, दळायचं, मळायचं, थापायचं, पाच पानं वाढायची, भांडी विसळायची. मग आत वळून पाहायचं, तर खुंटीवर ती लटकलेली. तिसऱ्या खेपेला मंडळींतल्या दोन बायका पदर खोचून आत आल्या आणि जात्याला बसल्या. पाचव्या खेपेला भजन थांबलं; सगळे दाराशी गोळा झाले. महाराजांनी त्यांना हटकलं, "गर्दी करू नका रे. बाईला काम आहे."

सातव्या खेपेपर्यंत ठकूबाई पार दमली. पण भाकरी दहाच्या अकरा झाल्या नाहीत आणि नऊही झाल्या नाहीत. आठव्या पंगतीला मंडळींतले शेवटचे तिघे आणि तिच्या दोन्ही मुली बसल्या.

पुढचं इथंच सांगून टाकतो, म्हणजे मागं काही राहणार नाही. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, पुरचुंडी पुन्हा नऊ वेळा बांधलेली सापडली. शुक्रवारी पूर ओसरला आणि मंडळी नावेतून पलीकडे गेली. त्यानंतर ती रोज सकाळी एकदाच बांधलेली असे, पाच पानांची. पुढच्या गुरुवारी राजणीचा बाजार भरला, त्या सकाळी खुंटीवर नुसती चिंधी होती. वेणू तेव्हा रडली होती म्हणतात.

आता पुन्हा बुधवारकडे. उन्हं उतरली होती. नववी पुरचुंडी सोडून ठकूबाईनं शिजवलं होतं आणि पाच पत्रावळी मांडल्या होत्या. तात्या एका पानावर येऊन बसले. एक पान तिचं. एक महाराजांचं, कारण महाराज नेहमी शेवटी बसत. ती थांबली.

"महाराज, दोन पानं राहतात."

"कुणाची?" महाराज म्हणाले. "तूच बघ. मोजणारी तू आहेस."

ठकूबाईनं मनाशी सगळे चेहरे फिरवले. मग तिला आठवलं, काल दुपारपासून एका घरातून धूर निघालेला नाही. पावसाची भुरभुर सुरू झाली होती; तिनं डोक्यावर पोतं घेतलं आणि चिखल तुडवत ती रंभाजीच्या दारात गेली.

रंभाजी अंधाऱ्या ओसरीत बसला होता. त्याची बायको आत उंबऱ्याशी.

"कारभारीदादा, चला. वहिनी, तुम्हीही चला. पानं वाढलीत."

"मी?" रंभाजी म्हणाला. "मी कोणत्या तोंडानं येऊ, ठकू?"

"पाचाचं शिजलंय. त्यात दोन पानं तुमची आहेत. तुम्ही आला नाहीत तर उरेल. उरलं तर मी ते उद्यासाठी बांधून ठेवीन. मग तुम्ही पुन्हा हसाल."

रंभाजीच्या बायकोला हसू फुटलं, आणि लगेच रडू. तिनंच नवऱ्याच्या दंडाला धरून उठवलं.

ते आले. पाच पानं भरली. रंभाजीनं भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि कालवणात बुडवला. वाट्याला आलेला भाताचा एक घास त्यानं सावकाश खाल्ला. गुळाचा तुकडा जिभेवर ठेवला. सगळं संपल्यावर त्यानं पत्रावळीकडे पाहिलं. शीत उरलं नव्हतं, आणि अजून हवं असंही वाटत नव्हतं. आपल्या घरच्या गुरुवारच्या पंगतीत किती टाकलं जातं, ते त्याला त्या रिकाम्या पानावर दिसलं.

"महाराज," तो म्हणाला, "एकच विचारतो. आपण उद्याचं काही ठेवत नाही. मग हिचं बांधून ठेवणं आपल्याला चाललं कसं?"

महाराज म्हणाले, "अरे वेड्या, मी कुठं ठेवत नाही? माझा बुधवार हिच्या खुंटीवर असतो. गुरुवार तुझ्या चुलीवर असतो. सात घरं माझं उद्याचं सांभाळतात, म्हणून मला 'उद्याचं उद्या' म्हणता येतं. माझ्या पदरी ना लेकरू, ना म्हातारं. हिच्या पदरी आहेत. ही सुईनं मिळवते, उतरत्या बाजारात उभी राहते, आणि आपल्या गुरुवारातला घास काढून परक्याच्या बुधवारात बांधते. तुला ती गाठ दिसली. मला रोज त्या गाठीत देव बसलेला दिसतो. आणि तू पेवाचं तोंड उघडं टाकलंस, त्याला माझं नाव दिलंस!"

ते रागावून बोलले नव्हते. म्हणूनच ते रंभाजीला लागलं. त्यानं महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ते वर उचलेना. महाराजांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "ऊठ. माती घे आणि पेव कोरडं झालं की लिंप. तीही पूजाच."

रंभाजी उठला, वळला, आणि चुलीपाशी उभ्या असलेल्या ठकूबाईपुढे वाकला. साऱ्या गावाचा कारभार पाहणारा माणूस, त्या कुडाच्या घरात, सारवलेल्या जमिनीला कपाळ लावून.

"अहो दादा, हे काय!" ठकूबाई मागं सरली. "उठा, उठा. माझे हात खरकटे आहेत."

महाराज सावरखेडीत पहिल्यांदा आले, तो एक बुधवार होता. त्या दिवशी ते सात दारांपुढे उभे राहिले. सहा दारं उघडली नाहीत, सातवं ठकूबाईनं उघडलं, आणि तिच्या घरात द्यायला काहीच नव्हतं. आठवडा उलटीकडून, आधी बुधवार, असा बांधायची तिची रीत त्या दिवसापासूनची.